सरळ रेषेचं समीकरण: हातात काय आहे ते आधी बघा

संध्याकाळी माझ्याकडे गणित शिकायला येणाऱ्या अकरावीच्या मुलांच्या वहीत शेवटच्या पानावर हमखास एक चौकट आखलेली असते. आत लाल पेनाने पाच सूत्रं. सरळ रेषेच्या समीकरणाची पाच रूपं. ती तोंडपाठ असतात, विचारलं तर घडाघडा म्हणूनही दाखवतात. पण गणित समोर ठेवलं की पेन्सिल थांबते आणि प्रश्न येतो, "काकू, यातलं कुठलं लावू?"

मी म्हणते, सूत्र राहू दे बाजूला. गणितात तुला दिलंय काय, तेवढं सांग.

हा लेख त्या एका प्रश्नाभोवतीच आहे. दहावीला चढ काढायला शिकलात आणि आता रेषेचं समीकरण लिहायचं आहे, किंवा शाळा सुटून वीस वर्षं झाली आणि मुलाचा अभ्यास घेताना सगळं पुन्हा उघडावं लागतंय, अशा दोघांसाठी लिहितेय. कागद, पेन्सिल आणि जमलं तर आलेखाची वही जवळ घ्या. नुसतं वाचून हा विषय बसत नाही.

अक्षरांबद्दल एक सांगते. इथे आडव्या अंतराला क्ष आणि उभ्या अंतराला य म्हणते. पुस्तकात त्या जागी इंग्रजी अक्षरं असतील, त्याने काही बिघडत नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं दिली आणि लिहिताना या, का, नी एवढीच अक्षरं वापरली. अक्षर कुठलंही घ्या, ते कशाच्या जागी उभं आहे ते पक्कं ठाऊक हवं. क्ष१ आणि य१ असं लिहिलं असेल तिथे पहिल्या बिंदूचे निर्देशक समजा, क्ष२ आणि य२ म्हणजे दुसऱ्याचे. नुसते क्ष आणि य म्हणजे रेषेवरचा कुठलाही बिंदू. ही शेवटची ओळ पुढे फार कामाला येणार आहे.

सगळ्याच्या मुळाशी चढ

कर्जतहून लोणावळ्याकडे गाडी निघाली की बोरघाट लागतो. रेल्वेचा हा मार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला आणि त्यातला सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे सरकली की १ मीटर वर जाते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एवढ्यासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात.

गणितातला चढ हाच. किती वर गेलो, भागिले किती पुढे गेलो. घाटाचा चढ १/३७. लोणावळ्याहून खाली येताना तोच रूळ उतार होतो आणि आपण −१/३७ लिहितो. डावीकडून उजवीकडे जाताना रेषा वर चढत असेल तर चढ धन, खाली उतरत असेल तर ऋण.

चढाला च म्हणू. दोन बिंदू दिले असतील तर

च = (य२ − य१) / (क्ष२ − क्ष१)

य वर, क्ष खाली. निम्मी मुलं इथे उलटं लिहितात, कारण बिंदू लिहिताना क्ष आधी येतो आणि हात सवयीने तोच क्रम धरतो. घाट आठवा: आधी किती वर चढलो ते विचारायचं, मग किती पुढे गेलो ते.

आता ती गोष्ट, जिच्यावर पाचही सूत्रं उभी आहेत. सरळ रेषेवर कुठलेही दोन बिंदू निवडा, जवळचे निवडा की लांबचे, चढ तोच येतो. का? आलेखाच्या कागदावर एक तिरपी रेषा काढा. तिच्यावर दोन जवळचे बिंदू घेऊन खाली काटकोन त्रिकोण काढा. मग दोन लांबचे बिंदू घेऊन मोठा काटकोन त्रिकोण काढा. दोन्ही त्रिकोणांचे कोन सारखे, म्हणून ते समरूप. समरूप त्रिकोणांत संगत बाजूंची गुणोत्तरं समान असतात, म्हणून उभी बाजू भागिले आडवी बाजू दोन्हीकडे एकच. वक्र रेषेवर हे जमत नाही. सरळपणा म्हणजेच हा न बदलणारा चढ.

एवढं मनात बसलं तर पुढचं सगळं तुम्ही स्वतः तयार करू शकता.

एक बिंदू आणि चढ माहीत असेल तर

मुंबईत रिक्षात बसलात तर मीटर काय करतो ते बघा. मुंबई महानगर भागात १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरानुसार पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये. ट्रॅफिकमध्ये थांबण्याचे पैसे सध्या सोडून देऊ.

अंतर क्ष किलोमीटर, भाडं य रुपये. आपल्याला एक बिंदू मिळाला, (१.५, २६). चढही मिळाला, १७.१४, कारण अंतर एकाने वाढलं की भाडं तेवढ्याने वाढतं. आता रेषेवरचा कुठलाही बिंदू (क्ष, य) घ्या. या बिंदूपासून (१.५, २६) पर्यंतचा चढ किती यायला हवा? तोच, १७.१४. म्हणजे

(य − २६) / (क्ष − १.५) = १७.१४

छेद पलीकडे नेला की

य − २६ = १७.१४ (क्ष − १.५)

झालं. हे चढ-बिंदू रूप. सूत्र म्हणून ते असं दिसतं:

य − य१ = च (क्ष − क्ष१)

यात पाठ करण्यासारखं काहीच नाही, चढाचीच व्याख्या आहे. सहा किलोमीटरचं भाडं काढायचं तर क्ष च्या जागी ६ ठेवा: य = २६ + १७.१४ × ४.५ = १०३.१३, म्हणजे साधारण १०३ रुपये. अर्थात हे समीकरण दीड किलोमीटरच्या पुढेच खरं आहे. त्याच्या आत कितीही कमी अंतर गेलात तरी २६ रुपयेच, म्हणजे तिथे रेषा आडवी आहे.

कंस सोडवून बघा, एक गंमत दिसेल. १७.१४ × १.५ = २५.७१, म्हणून य = १७.१४क्ष + ०.२९. तो ०.२९ जवळजवळ शून्यच. म्हणजे किमान भाड्याचे २६ रुपये वेगळे काही ठरवलेले नाहीत, ते दीड किलोमीटरचेच १७.१४ च्या दराने झालेले पैसे आहेत, वर पूर्ण रुपया केलेले. समीकरण दुसऱ्या रूपात लिहिल्यावर ही गोष्ट डोळ्यांसमोर येते. पहिल्या रूपात ती लपलेली होती. रूपं बदलायला शिकायचं ते यासाठी.

दोन बिंदू माहीत असतील तर

पुस्तकात यासाठी वेगळं लांबलचक सूत्र असतं. मी ते मुलांना शिकवतच नाही. आधी दोन बिंदूंवरून चढ काढा, मग त्यातला एक बिंदू घेऊन वरच्याच वाटेने जा. दोन पायऱ्या, पण दोन्ही ओळखीच्या.

बिंदू म (−२, ६) आणि न (४, ३) घेऊ. या रेषेला मी शेवटपर्यंत सोडणार नाही, सगळी रूपं हिच्यावरच दाखवते.

चढ = (३ − ६) / (४ − (−२)) = −३ / ६ = −१/२

इथे जरा थांबा. गेल्या आठवड्यात एका मुलीने हेच गणित माझ्यासमोर सोडवलं. छेदात तिने ४ − २ लिहिलं, चढ −३/२ आला, आणि पुढची सगळी पायरी न् पायरी तिने अचूक केली. उत्तर अर्थातच चुकलं. तिला वजा दोन वजा करायचे होते, आणि दोनदा येणारं वजा चिन्ह घाईत एकदाच लिहिलं गेलं. मी तिला एकच सवय लावली: ऋण संख्या सूत्रात ठेवताना आधी कंस काढायचा, मग आत संख्या लिहायची. ४ − ( ) असं लिहून मग त्या कंसात −२. कंस आधीच तयार असला की चिन्ह निसटत नाही. आता तिच्या वहीत असे रिकामे कंस आधी दिसतात, मग आकडे.

चढ मिळाला. आता बिंदू म घेऊ:

य − ६ = −१/२ (क्ष − (−२))
य − ६ = −१/२ (क्ष + २)

दोन्ही बाजूंना २ ने गुणा:

२य − १२ = −क्ष − २
क्ष + २य − १० = ०

म ऐवजी न घेतला असता तर? य − ३ = −१/२ (क्ष − ४), म्हणजे २य − ६ = −क्ष + ४, आणि पुन्हा क्ष + २य − १० = ०. मुलांना दर वेळी शंका येते की कुठला बिंदू घ्यायचा. कुठलाही. ज्यात आकडे सोपे आणि ऋण चिन्ह नाही तो घ्या, एवढंच.

आता ताळा करा. म ठेवला तर −२ + १२ − १० = ०. न ठेवला तर ४ + ६ − १० = ०. दोन्ही बिंदू बसले म्हणजे समीकरण बरोबर, कारण दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. याला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. मी तर म्हणेन, ताळा केल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारू नका. पेपर तपासणाऱ्याने तुमची चूक शोधण्याआधी ती तुम्हालाच सापडू दे.

दोन बिंदूंचं घरातलं उदाहरण म्हणजे थर्मामीटर. पाणी गोठतं ते शून्य सेल्सिअस किंवा ३२ फॅरनहाइटला, उकळतं ते १०० सेल्सिअस किंवा २१२ फॅरनहाइटला. बिंदू (०, ३२) आणि (१००, २१२). चढ १८०/१०० = ९/५. पहिला बिंदू घेतला की य = (९/५)क्ष + ३२. लहानपणी पाठ केलेलं सूत्र आपोआप समोर आलं. ताप १०२ असेल तर सेल्सिअस किती? १०२ − ३२ = ७०, त्याला ५/९ ने गुणलं की ३८.९ च्या आसपास. आणि य च्या जागीही क्ष ठेवून बघा: क्ष = (९/५)क्ष + ३२ सोडवलं की क्ष = −४०. उणे चाळीसला दोन्ही मापं एकच आकडा दाखवतात.

चढ आणि अंतःखंड

रेषा य-अक्षाला जिथे कापते त्या बिंदूचा य-निर्देशक म्हणजे य-अंतःखंड. त्याला ख म्हणू. म्हणजे रेषा (०, ख) मधून जाते. चढ-बिंदू रूपात हा बिंदू ठेवला की य − ख = च (क्ष − ०), म्हणजे

य = च·क्ष + ख

अकरावी सायन्सला हेच स्लोप-इंटरसेप्ट म्हणून समोर येतं आणि मराठी माध्यमातून आलेली मुलं नवीन काही आहे असं समजून बिचकतात. नवीन काहीच नाही. चढ-बिंदू रूपातला बिंदू य-अक्षावर सरकवला, एवढंच.

आपली रेषा या रूपात आणायची तर य एकटा करा: २य = −क्ष + १०, म्हणून य = −(१/२)क्ष + ५. चढ −१/२, अंतःखंड ५.

आलेख काढायला याहून सोपं रूप नाही. य-अक्षावर ५ वर ठिपका द्या. चढ −१/२ म्हणजे २ घरं उजवीकडे, १ घर खाली. (२, ४) आला. पुन्हा २ उजवीकडे, १ खाली: (४, ३), आपला न. पट्टी ठेवा आणि रेषा ओढा. तक्ता करून पाच-सहा बिंदू काढण्याची गरज नाही. दोन पुरतात, तिसरा ताळ्यासाठी.

दोन्ही अक्षांवरचे अंतःखंड

समजा वडापाव २० रुपयांना आणि चहा १० रुपयांना. मित्रांसाठी २०० रुपये संपवायचेत. क्ष वडापाव, य चहा: २०क्ष + १०य = २००. सगळ्या पैशांचे वडापाव घेतले तर १०, सगळ्यांचा चहा घेतला तर २०. ही दोन टोकं म्हणजे दोन अंतःखंड. समीकरणाला २०० ने भागलं की

क्ष/१० + य/२० = १

आकडे थेट छेदात दिसतात. सूत्र म्हणून क्ष/प + य/फ = १, जिथे प हा क्ष-अंतःखंड आणि फ हा य-अंतःखंड. आपल्या रेषेचं काय? क्ष + २य = १०, १० ने भागा: क्ष/१० + य/५ = १. रेषा (१०, ०) आणि (०, ५) मधून जाते.

या रूपात चूक होते ती चिन्हाची. ३क्ष − ४य = १२ ला १२ ने भागलं की क्ष/४ − य/३ = १ येतं. य-अंतःखंड ३ नाही, −३ आहे, कारण मधे अधिक चिन्हच हवं: क्ष/४ + य/(−३) = १.

आणि हे रूप सगळ्या रेषांना चालत नाही. आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेचे दोन्ही अंतःखंड शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. अक्षाला समांतर असलेली रेषा तर एकाच अक्षाला भेटते. अशा वेळी हट्ट न करता दुसरं रूप घ्या.

उभी रेषा, आडवी रेषा

(३, १) आणि (३, ७) मधून जाणारी रेषा घ्या. चढाचा छेद ३ − ३ = ०. चढ काढताच येत नाही. मुलं इथे घाबरून चढ शून्य लिहितात, आणि तो लिहिला की आडव्या रेषेचं समीकरण येतं. रेषेकडे बघा ना: तिच्यावरच्या प्रत्येक बिंदूचा क्ष हा ३ आहे. समीकरण क्ष = ३. बस. य कितीही असो, म्हणून तो समीकरणात येतच नाही.

आडव्या रेषेचा चढ मात्र खरोखर शून्य असतो. (१, −४) आणि (६, −४) मधून जाणारी रेषा य = −४.

सामान्य रूप, आणि समांतर व लंब रेषा

अ·क्ष + ब·य + क = ० हे सामान्य रूप. अ आणि क्ष मधला ठिपका मी मुद्दाम देते, नाहीतर अक्ष असा वेगळाच शब्द वाचला जातो. अ आणि ब दोन्ही एकदम शून्य नसले की हे समीकरण सरळ रेषेचंच असतं, उभी रेषाही यात सामावते. देकार्त आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी १६३० च्या दशकात बीजगणित आणि भूमिती एकत्र बांधली, आणि दोन अज्ञातांचं पहिल्या घाताचं समीकरण म्हणजे सरळ रेषा हे फर्माने तेव्हाच सांगितलं होतं.

परीक्षेत उत्तर शक्यतो याच रूपात द्या. अपूर्णांक घालवा, सगळं एका बाजूला आणा, पहिलं पद धन ठेवा. तपासणाऱ्यालाही बरं, तुम्हालाही ताळा करायला बरं.

यातून चढ वाचायचा तर य एकटा करून बघा: चढ = −अ/ब. आपल्या रेषेत अ = १, ब = २, म्हणून −१/२. वजा चिन्ह विसरू नका.

समांतर रेषांचे चढ सारखे. एकमेकींना लंब असलेल्या रेषांच्या चढांचा गुणाकार −१, फक्त त्यातली कुठलीही उभी नसली पाहिजे. म्हणजे लंब रेषेचा चढ काढायला अपूर्णांक उलटा करायचा आणि चिन्ह बदलायचं. −१/२ चा २. दोन्ही कामं करायची हं, बरेच जण एकच करून पुढे जातात.

सामान्य रूपात याहून झटपट वाट आहे. क्ष + २य − १० = ० ला समांतर आणि (१, −४) मधून जाणारी रेषा हवी? समांतर रेषेत पहिली दोन पदं तीच राहतात, शेवटची संख्या बदलते. म्हणून क्ष + २य = काहीतरी. ते काहीतरी बिंदूवरून मिळतं: १ + २(−४) = −७. उत्तर क्ष + २य + ७ = ०. लंब रेषा हवी असेल तर सहगुणकांची अदलाबदल करा आणि एकाचं चिन्ह बदला: २क्ष − य = काहीतरी. २(१) − (−४) = ६. उत्तर २क्ष − य − ६ = ०. चढ काढावाच लागला नाही.

अभिलंब रूप, थोडक्यात

कधी रेषेबद्दल एवढंच माहीत असतं की आरंभबिंदूपासून तिच्यावर टाकलेल्या लंबाची लांबी ल आहे आणि तो लंब क्ष-अक्षाशी अल्फा कोन करतो. तेव्हा समीकरण क्ष·कॉस अल्फा + य·साइन अल्फा = ल. सुरुवातीला हे रूप मागे ठेवलं तरी चालेल. सामान्य रूपातून इथे यायला अ आणि ब च्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागायचं. आपल्या रेषेत ते √५. क्ष + २य = १० ला √५ ने भागलं की उजवीकडे १०/√५, म्हणजे २√५ येतात. आरंभबिंदूपासून ही रेषा २√५, म्हणजे ४.४७ च्या आसपास एकक लांब आहे. अंतर विचारलं की हे रूप कामाला येतं, एरवी फारसं नाही.

सगळं एकत्र लावून बघू

त्रिकोणाचे शिरोबिंदू ट (१, २), ठ (५, ०), ड (३, ८). ट मधून जाणारी मध्यगा, ट मधून जाणारा शिरोलंब आणि ठड बाजूचा लंबदुभाजक यांची समीकरणं काढायची आहेत. तीन नावं ऐकून दडपायचं नाही. प्रत्येक वेळी तोच प्रश्न: हातात काय आहे?

मध्यगेसाठी दोन बिंदू आहेत. ट आणि ठड चा मध्यबिंदू, म्हणजे ((५ + ३)/२, (० + ८)/२) = (४, ४). चढ (४ − २)/(४ − १) = २/३. य − २ = (२/३)(क्ष − १), ३ ने गुणून ३य − ६ = २क्ष − २, म्हणजे २क्ष − ३य + ४ = ०. ताळा: (४, ४) ठेवला तर ८ − १२ + ४ = ०.

शिरोलंबासाठी एक बिंदू आहे, ट, आणि चढ मिळवता येतो. ठड चा चढ (८ − ०)/(३ − ५) = −४, म्हणून लंबाचा १/४. य − २ = (१/४)(क्ष − १), म्हणजे क्ष − ४य + ७ = ०.

लंबदुभाजकालाही चढ तोच १/४, बिंदू मात्र (४, ४). ४(य − ४) = क्ष − ४, म्हणजे क्ष − ४य + १२ = ०. शेवटच्या दोन उत्तरांत क्ष − ४य सारखंच आलं. यायलाच हवं, दोन्ही रेषा ठड ला लंब, म्हणून एकमेकींना समांतर. असा मेळ बसला की समजायचं, मधे कुठे चिन्ह सांडलेलं नाही.

आता ठ मधून जाणारी मध्यगा तुम्ही काढा. टड चा मध्यबिंदू (२, ५) आहे. उत्तर ५क्ष + ३य − २५ = ० यायला हवं. ते आलं की दोन्ही मध्यगांची समीकरणं एकसामयिक म्हणून सोडवा. त्यांची बेरीज केली की −३य आणि ३य एकमेकांना घालवतात आणि ७क्ष = २१, म्हणून क्ष = ३ मिळतो. तो पहिल्या समीकरणात ठेवला की य = १०/३. आणि तीनही शिरोबिंदूंची सरासरी काढून बघा: (१ + ५ + ३)/३ = ३, (२ + ० + ८)/३ = १०/३. दहावीला शिकलेला मध्यगासंपात तोच, नेमक्या त्याच जागी.